झाकली मूठ कुठे उघडायची?

जयपूरच्या विद्याधर नगरातल्या ज्या मराठी घरात बारावीतलं मूल आहे, तिथे हल्ली परीक्षा एकच नसते. विज्ञान शाखेचा मुलगा जेईई मेन देतो, जोडीला बिटसॅट देतो. कॉमर्सची मुलगी सीयूईटीचा फॉर्म भरते आणि अमेरिकेतल्या काकांनी सुचवलं म्हणून सॅटही देऊन ठेवते. वर्षभर निकाल येत राहतात, आकडे साठतात आणि मग प्रश्न निघतो, यातला कुठला स्कोअर कुठे पाठवायचा? पुण्याची आत्या म्हणते, सगळ्यात चांगला तोच धरतात, काळजी करू नका. क्लासवाले म्हणतात, फॉर्म भरतानाच सगळं ठरतं. काका म्हणतात, कमी असेल तर दाखवूच नका. तिघांचंही खरं असतं. फक्त तिघं तीन वेगळ्या व्यवस्थांबद्दल बोलत असतात, आणि घरातल्यांना वाटतं की व्यवस्था एकच आहे.

म्हणून आकड्याकडे पाहण्याआधी एक गोष्ट तपासायची. या दारात निवड खरोखर आपल्या हातात आहे का? काही ठिकाणी ती यंत्रणाच करून टाकते. काही ठिकाणी ती आपण करतो, पण परीक्षेच्या कितीतरी आधी, बहुधा नकळत. आणि काही थोड्या ठिकाणीच निकाल हातात आल्यावर दाखवायचं की झाकायचं हे ठरवता येतं. या तिसऱ्या प्रकाराची चर्चा सगळ्यात जास्त होते, पण आधी पहिले दोन उरकून घेऊ.

जेईई मेन २०२३ पासून जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. दोन्ही दिली तर ज्या सत्राचा एनटीए स्कोअर जास्त, तोच क्रमवारीला धरला जातो. इथे पाठवायचंही काही नाही आणि लपवायचंही नाही. हा स्कोअर म्हणजे ३०० पैकी मिळालेले गुण नव्हेत. आपल्या पाळीत बसलेल्या मुलांमध्ये आपण कुठे आहोत, ते सांगणारा तो पर्सेंटाइल असतो. त्यामुळे जानेवारीतल्या अवघड पाळीतले १७० गुण एप्रिलमधल्या सोप्या पाळीतल्या १८० गुणांच्या पुढे जाऊ शकतात. शिवाय जानेवारीचं गणित आणि एप्रिलचं रसायन असा मेळ घालता येत नाही. सत्र घ्यायचं ते पूर्ण. गेल्या वर्षीचा स्कोअर या वर्षी चालत नाही. पिलानीच्या बिट्ससाठीही असंच आहे. बिटसॅटची दोन सत्रं दिली तर त्यांतला चांगला स्कोअर धरला जातो.

आर्किटेक्चरकडे जाणाऱ्यांसाठी मात्र इथे एक खाच आहे. नाटा एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते आणि सर्वांत चांगला स्कोअर धरतात. पण एनआयटीमधल्या बी. आर्क.साठी नाटा चालतच नाही, तिथे जेईई मेनचा पेपर दोन लागतो. जयपूरच्या मालवीय एनआयटीत बी. आर्क. करायचं स्वप्न असेल आणि हातात फक्त नाटाचा उत्तम स्कोअर असेल, तर तो कितीही उत्तम असला तरी तिथे निरुपयोगी आहे. (विद्याधर नगरचा आराखडा ज्यांनी केला ते बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला गेले. नाटा किंवा पेपर दोन असल्या भानगडी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.)

जेईईत स्कोअरची निवड नसली तरी एक मोठी निवड दोन वर्षं आधी होऊन गेलेली असते, आणि परराज्यातल्या मराठी कुटुंबांना ती हमखास उशिरा कळते. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी असतात, आणि मूल कुठल्या राज्याचं हे ते बारावी कुठून उत्तीर्ण झालं यावरून ठरतं. आडनाव, मातृभाषा, मूळ गाव यांचा संबंध नाही. घरात मराठी बोलत असतील, गणपती बसत असतील, पण बारावी जयपूरला केली म्हणजे त्या मुलाला जयपूरच्या एनआयटीत राजस्थानच्या कोट्याचा लाभ मिळतो आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या एनआयटीत ते परराज्यातलं ठरतं. तोच स्कोअर, तोच क्रमांक, पण एका ठिकाणी जागा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. ‘नागपूरला आजोळ आहे, तिथे बघू’ असं म्हणणाऱ्यांनी हे अकरावीच्या प्रवेशाआधी बघायला हवं होतं.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचं गणित आणखी वेगळं. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत महाराष्ट्राचा उमेदवार एमएचटी-सीईटीवर येतो. दहावी-बारावी जयपूरला झालेल्या मुलालाही हा दरवाजा पूर्ण बंद नसतो, कारण आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर त्याला राज्याच्या यादीत जागा मिळू शकते. आजोबांचा दाखला चालत नाही. दाखला नसेल तर अखिल भारतीय जागा उरतात आणि तिथे जेईई मेनची यादी आधी लागते. तेव्हा एमएचटी-सीईटीची तयारी करायची की नाही हा प्रश्न मुलाच्या अभ्यासाचा कमी आणि वडिलांच्या कपाटातल्या कागदाचा जास्त असतो. तीन पिढ्या जयपुरात काढलेल्या घरात तो कागद बहुतेक नसतोच. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी, म्हणजे बेळगाव-निपाणीकडच्यांसाठी, याच नियमांत स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे. जयपूर, इंदूर, बडोद्याच्या मराठी मुलांसाठी तसा नाही.

आता सीयूईटी. २०२२ साली केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी ही परीक्षा सुरू झाली. विद्याधर नगरच्या मुलांचा डोळा मुख्यतः दिल्ली विद्यापीठावर असतो. किशनगढजवळ बांदरसिंदरीला असलेलं राजस्थान केंद्रीय विद्यापीठही याच परीक्षेतून प्रवेश देतं. पहिल्या वर्षी नऊपर्यंत विषय घेता येत होते, २०२५ पासून कमाल पाच. प्रत्येक विषयाचा पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलेल्याला एक वजा, म्हणजे २५० पैकी गुण.

इथे ‘कुठला स्कोअर पाठवायचा’ याचं उत्तर दिल्ली विद्यापीठ अभ्यासक्रमागणिक बदलतं. प्रत्येक अभ्यासक्रमाला विषयांचा एक मेळ ठरवून दिलेला आहे, आणि त्या मेळात बसणारेच विषय मोजले जातात. कागदावर हे क्लिष्ट वाटतं, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, कॉमर्सच्या मुलीने पाच पेपर दिले आणि गुण असे आले: इंग्रजी १९०, अकाउंटन्सी २०५, बिझनेस स्टडीज २२०, अर्थशास्त्र १७५, गणित १५०.

बी. कॉम. ऑनर्सला दोन मेळ चालतात. एकात भाषा, गणित आणि आणखी दोन विषय. दुसऱ्यात भाषा, अकाउंटन्सी आणि आणखी दोन. पहिल्या मेळाने तिचे १९०, १५०, २२० आणि २०५ मिळून ७६५ होतात. दुसऱ्याने १९०, २०५, २२० आणि १७५ मिळून ७९०. अर्थात ७९० घ्यायचे. ही बेरीज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपोआप दिसते, विद्यार्थ्याने ती तपासून मान्य करायची असते. बरीच मुलं न बघता मान्य करतात. बारावीतला विषय आणि सीयूईटीतला विषय यांची जोडणी फॉर्ममध्ये चुकली असेल तर ती इथेच लक्षात येते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन एकदा स्वतः बेरीज करावी.

आता अर्थशास्त्र ऑनर्स. तिथे भाषा आणि गणित सक्तीचं, उरलेले दोन विषय यादीतले कुठलेही. आपल्या मुलीसाठी ते इंग्रजी १९०, गणित १५०, बिझनेस स्टडीज २२०, अकाउंटन्सी २०५, म्हणजे ७६५. अर्थशास्त्रात प्रवेश मिळवताना तिचा अर्थशास्त्राचा पेपर मोजलाच जात नाही आणि सगळ्यात कमी गुणांचं गणित मात्र टाळता येत नाही. पालकांना हे ऐकून हसू येतं, पण नियम तसाच आहे, आणि गणित देणं-न देणं हा निर्णय किती महागात पडू शकतो ते यावरून कळतं.

आणि हीच मुलगी बीएमएसला गेली तर? दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएसला भाषा, गणित आणि जनरल टेस्ट लागते. तिने जनरल टेस्ट दिलीच नाही, पाच जागा भरल्या होत्या. म्हणजे तो दरवाजा निकालाच्या दिवशी नाही, फॉर्म भरला त्या दिवशी बंद झाला. तिने अर्थशास्त्राऐवजी जनरल टेस्ट घेतली असती तर बीएमएस खुलं राहिलं असतं, पण बी. कॉम.ची बेरीज ७९० वरून ७६५ वर आली असती. यात बरोबर-चूक काही नाही. मात्र हा २५ गुणांचा व्यवहार आहे हे फॉर्म भरताना घरात कुणाला तरी माहीत असावं. पाचवा विषय ‘चला, हाही घेऊन टाकू’ म्हणून निवडला जातो आणि नेमका तोच सगळं ठरवतो.

मराठीचंही सांगून टाकतो, कारण आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी विचारतं. सीयूईटीच्या १३ भाषांत मराठी आहे. म्हणून घरात छान मराठी बोलणाऱ्या मुलाने इंग्रजीऐवजी मराठीचा पेपर द्यावा का? दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटीचे विषय बारावीत शिकलेले असावे लागतात. जयपूरच्या सीबीएसई शाळेत बारावीला बहुधा इंग्रजी असतं, फार तर हिंदी. घरची मराठी तिथे मोजली जात नाही. महाराष्ट्र बोर्डातून बारावीला मराठी घेतलेल्या मुलाला मात्र तो पेपर खरोखर उपयोगी पडू शकतो.

इथवर निवड एक तर यंत्रणेची किंवा आधीच झालेली. निकाल समोर ठेवून निर्णय घ्यायची वेळ येते ती सॅटच्या बाबतीत, आणि इथे मराठी माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्कोअर जरा कमी वाटला की झाकून टाका. अनेकदा ती योग्य असते. पण जितक्या वेळा आपल्याला वाटतं तितक्या वेळा नाही.

सॅटचे दोन भाग, रीडिंग अँड रायटिंग आणि मॅथ. प्रत्येक २०० ते ८००, एकूण ४०० ते १६००. भारतात ही परीक्षा २०२३ च्या मार्चपासून संगणकावर होते, वेळ दोन तास १४ मिनिटं. ती कितीही वेळा देता येते, आणि ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची ‘स्कोअर चॉइस’ नावाची सोय आहे, ज्यात कुठल्या तारखेचा निकाल कुठल्या कॉलेजला जावा हे विद्यार्थी ठरवतो. नीट लक्षात घ्या, तारखेचा निकाल. एका तारखेचं फक्त गणित पाठवून इंग्रजी मागे ठेवता येत नाही. मेळ घालण्याचं काम कॉलेज करतं. त्याला सुपरस्कोअर म्हणतात. प्रत्येक भागातला सर्वांत चांगला आकडा, मग तो कुठल्याही तारखेचा असो, उचलून बेरीज करायची.

आपल्या मुलीने समजा अकरावी संपताना मार्चमध्ये सॅट दिली. रीडिंग अँड रायटिंग ६५०, मॅथ ७६०, एकूण १४१०. मग बारावीच्या ऑगस्टमध्ये पुन्हा दिली. या वेळी ७१० आणि ७३०, एकूण १४४०. घरच्यांना वाटेल, ऑगस्टचा जास्त आहे, तोच पाठवा. पण सुपरस्कोअर करणाऱ्या कॉलेजला दोन्ही पाठवले तर ते ७१० आणि ७६० घेऊन १४७० मोजतं. एकट्या ऑगस्टमध्ये ३० गुण मागे राहतात. उलट जे कॉलेज सुपरस्कोअर करत नाही, तिथे मार्चचा निकाल पाठवून काही पदरात पडत नाही. जॉर्जटाऊनसारखी काही विद्यापीठं सगळ्या तारखांचे निकाल मागतात, तिथे स्कोअर चॉइसची सोय वापरायला मुभा नाही. म्हणून ‘एकदा सहज देऊन बघू, कसा येतो’ हा प्रयोग तयारीशिवाय करू नये. सहज म्हणून दिलेला तो निकालही अशा कॉलेजसमोर जातो.

त्यानंतर कॉलेजांची वर्गवारी. महासाथीच्या काळात बहुतेक अमेरिकन कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. २०२२ च्या मार्चमध्ये एमआयटीने ती पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तेच केलं. येलने सॅट, तिच्यासारखीच एसीटी, एपी किंवा आयबी यांतल्या कुठल्या तरी परीक्षेचे गुण द्याच असा मध्यममार्ग काढला. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो वगैरे. ते प्रवेशासाठी सॅट बघतच नाही. तिथे १६०० असले तरी उपयोग नाही आणि ११०० असले तरी तोटा नाही. सक्तीची कॉलेजं आणि न बघणारी कॉलेजं बाजूला काढली की मधली ऐच्छिक कॉलेजं उरतात. डोकं लावायचं ते फक्त तिथे.

ऐच्छिक कॉलेजला पाठवायचं की नाही, याचं प्रचलित सूत्र असं की प्रवेश घेतलेल्यांच्या मधल्या ५० टक्क्यांचा पट्टा बघा. वरच्या अर्ध्यात बसत असाल तर पाठवा, पट्ट्याच्या खाली असाल तर झाकून ठेवा, मधे असाल तर विचार करा. हे आकडे बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाच्या वार्षिक विवरणात देतात. त्यात सी-९ या कलमात २५, ५० आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे स्कोअर असतात. सूत्र वाईट नाही. मात्र ते अर्धवट आहे. त्याच कलमात आणखी एक आकडा असतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही: प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी स्कोअर पाठवला होता.

हा आकडा का महत्त्वाचा, ते दहा मुलांवर करून बघू. समजा एका वर्गात दहा मुलांचे स्कोअर १३००, १३४०, १३८०, १४००, १४२०, १४४०, १४६०, १४९०, १५२० आणि १५५० आहेत. सगळ्यांनी पाठवले तर मधला आकडा १४३० येतो. आता ऐच्छिक आहे म्हणून खालच्या चौघांनी झाकले. वर्ग तोच, मुलं तीच, पण जाहीर झालेला मधला आकडा आता १४७५. पुढच्या वर्षी १४३० वाला मुलगा हा १४७५ बघून घाबरतो आणि तोही झाकतो. मग आकडा आणखी चढतो. कॉलेजात शिरणाऱ्या मुलांची हुशारी तेवढीच राहते, फक्त दाखवणारे कमी होत जातात.

म्हणून पट्टा वाचताना पाठवणाऱ्यांचं प्रमाण सोबत वाचायचं. ज्या कॉलेजात दहातल्या नऊ मुलांनी स्कोअर दिला तिथला पट्टा खरा आहे, त्याच्याशी स्वतःला ताडून बघा. जिथे दहातल्या चौघांनीच दिला, तिथला पट्टा वरच्या मुलांचा आहे. अशा ठिकाणी स्कोअर न देता प्रवेश मिळालेली मुलं बहुसंख्य आहेत, तेव्हा तिथे न दाखवण्याची भीती कमी. आणि दुसरीकडे, पट्ट्याच्या जरा खाली असलेला स्कोअर दाखवला म्हणून आकाश कोसळत नाही, कारण प्रवेश कार्यालयातल्या लोकांनाही हा आकडा फुगलेला आहे हे माहीत असतं.

इथे मुलाच्या शाळेचा मुद्दा येतो. डार्टमथने सॅट पुन्हा सक्तीची केली त्यामागे त्यांच्याच प्राध्यापकांचा अभ्यास होता. त्यात दिसलं की कमी साधनांच्या घरांतली काही मुलं आपला स्कोअर कमी समजून झाकत होती, पण तो पाठवला असता तर त्यांचा फायदा झाला असता. कारण स्कोअर एकटा वाचला जात नाही, तो त्या शाळेच्या आणि परिसराच्या संदर्भात वाचला जातो. तो अभ्यास अमेरिकेतल्या मुलांचा होता, आपल्याला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण विद्याधर नगर, अंबाबाडी किंवा मुरलीपुऱ्यातल्या सीबीएसई शाळेतून अमेरिकेला अर्ज करणारं मूल बहुधा त्या शाळेतलं एकटंच असतं. प्रवेश अधिकाऱ्याने त्या शाळेचं नाव कधी ऐकलेलं नसतं. तिथले ९५ टक्के म्हणजे काय हे त्याला नीट सांगता येणार नाही. एपी नाही, आयबी नाही, शाळेत स्वतंत्र समुपदेशक नाही, मुख्याध्यापकच शिफारसपत्र आणि शाळेची माहिती अपलोड करतात. अशा अर्जात सॅट हा एकमेव आकडा असतो जो दोन्ही बाजूंना सारखाच कळतो. तो काढून घेतला तर अर्ज वाचणाऱ्याकडे उरतं काय, हे आधी विचारावं.

म्हणून माझं मत प्रचलित सूत्रापेक्षा थोडं सैल आहे. अनोळखी शाळेतून जाणाऱ्या भारतीय मुलाने मधल्या आकड्याच्या किंचित खाली असलेला स्कोअरही पाठवावा, फक्त तो पट्ट्याच्या तळाशी नसावा. मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाला मी हे सांगणार नाही. त्याच्याच वर्गातली दहा मुलं त्याच कॉलेजला अर्ज करत असतात आणि तुलना तिथूनच सुरू होते.

एकूण आकड्याखाली भाग कसे आहेत तेही बघावं. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणाऱ्याचे मॅथ ७९० आणि रीडिंग ६४० असतील तर १४३० हा आकडा दिसतो त्यापेक्षा बरा आहे. मॅथ ६६० आणि रीडिंग ७७० असेल तर तोच १४३० इंजिनीअरिंगच्या अर्जात अडचणीचा. सी-९ मध्ये दोन्ही भागांचे पट्टे वेगळे दिलेले असतात, ते वापरावेत. शिवाय निकालाच्या कागदावर आकड्याशेजारी एक मर्यादा छापलेली असते, म्हणजे परीक्षा पुन्हा दिली तर स्कोअर साधारण कुठून कुठपर्यंत येऊ शकला असता. त्यामुळे १४६० पाठवू आणि १४५० झाकू असा दहा-वीस गुणांचा कीस काढण्यात अर्थ नाही.

एसीटी दिली असेल तर दोन्ही पाठवायची गरज नाही. दोन्ही परीक्षांच्या संस्थांनी मिळून तुलनेचा तक्ता केलेला आहे, त्यात एसीटीचे ३३ म्हणजे सॅटचे सुमारे १४६०. जो वरचढ तो पाठवा. टोफेल किंवा आयईएल्ट्स हा वेगळा प्रश्न आहे. ते इंग्रजीचं प्रमाण म्हणून मागतात आणि सॅट झाकली म्हणून त्यांच्यातून सुटका होत नाही.

आता आपल्या १४७० वाल्या मुलीची यादी लावून बघू. पहिलं कॉलेज सक्तीचं आणि सुपरस्कोअर करणारं: दोन्ही तारखा पाठवायच्या. दुसरं ऐच्छिक, पट्टा १४४० ते १५३०, मधला आकडा १४९०, बहुतेकांनी स्कोअर दिलेला. ती वीस गुणांनी खाली आहे, शाळा अनोळखी आहे, मॅथ ७६० आहे. मी पाठवायला सांगेन. तिसरं ऐच्छिक, पट्टा १५०० ते १५६०, चाळीस टक्क्यांनीच दिलेला. इथे १४७० पाठवून हात दाखवून अवलक्षण करण्याचं कारण नाही, झाकून ठेवावा. चौथं कॅलिफोर्निया विद्यापीठ, तिथे प्रश्नच नाही. आणि यादीत भारतातली खासगी विद्यापीठं असतील, सोनिपतचं अशोका किंवा पुण्याचं फ्लेम, तर तीही सॅट विचारात घेतात, तेव्हा एकाच स्कोअरचा दोन्हीकडे उपयोग होऊ शकतो. त्या-त्या वर्षीची अट मात्र अर्जाच्या पानावरच वाचावी, कुणाच्या मोठ्या भावाच्या अनुभवावर जाऊ नये. ऐच्छिकची सक्ती आणि सक्तीचं ऐच्छिक व्हायला एक घोषणा पुरते.

काही मोजकी कॉलेजं शिष्यवृत्तीसाठी स्कोअर मागतात, प्रवेशासाठी नाही. खर्चाचा विचार असेल तर झाकण्याआधी ते पान उघडून बघावं.

पाठवण्याची पद्धतही पैशांच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. सॅटच्या नोंदणीबरोबर चार कॉलेजांना फुकट निकाल पाठवता येतो, पण परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत नावं द्यावी लागतात, आणि निकाल त्यानंतर लागतो. म्हणजे फुकटची सोय वापरायची तर न बघता पाठवायचं. स्कोअर सक्तीचा आहे आणि आपण तिथे नक्की अर्ज करणार आहोत अशा कॉलेजांसाठी ती वापरावी, ऐच्छिकसाठी नाही. नंतर प्रत्येक रिपोर्टला १५ डॉलरच्या आसपास पडतात. दहा-बारा कॉलेजांना अर्ज करणाऱ्या घरात हा आकडा जाणवतो. पण बऱ्याच कॉलेजांना अर्जाच्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला स्कोअर चालतो, अधिकृत निकाल फक्त प्रवेश पक्का केल्यावर लागतो. तिथे आकडा जसाच्या तसा लिहायचा. पुढे अधिकृत कागदाशी तो ताडला जातो आणि तफावत निघाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

तारखांचा हिशेब शेवटी. लवकरच्या फेरीचे अर्ज अनेक ठिकाणी १ नोव्हेंबरला असतात, म्हणजे ऑगस्टची सॅट ही निवांत शेवटची संधी आणि ऑक्टोबरची धावपळीची. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला. मार्चअखेरीस उत्तरं येतात आणि १ मेपर्यंत एका कॉलेजला होकार द्यायचा असतो. आपल्या मुलीची बोर्डाची परीक्षा तोवर नुकतीच संपलेली असते आणि सीयूईटी तोंडावर असते. अमेरिकेचं उत्तर काय येईल याची वाट बघत सीयूईटीचा फॉर्म राहून गेला, असं होऊ देऊ नये. तो फॉर्म परीक्षेच्या काही महिने आधीच बंद होतो, आणि पाचव्या जागी जनरल टेस्ट की अर्थशास्त्र, हे तिला त्याआधीच ठरवायचं आहे.